नाशिकमध्ये कुत्रा-मांजर पाळताय? लायसन्स, सोसायटी आणि 'चावलं तर काय' याबद्दल

ताई, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात परत लिहितो म्हणजे बाकीच्यांनाही कळेल कशाबद्दल चाललंय. तुम्ही सिन्नरहून पाथर्डी फाट्याला स्वतःच्या फ्लॅटमध्ये राहायला आलात, सोबत पाच महिन्यांचा लॅब्रेडोर आणि दोन मांजरं, एक बोका एक मादी. चेअरमन म्हणतात की मीटिंगमध्ये ठराव झालाय, प्राणी पाळायचे नाहीत, पाळायचेच असतील तर लिफ्ट वापरायची नाही आणि महिन्याला पाचशे रुपये जादा मेंटेनन्स भरायचा. वरून शेजारच्या काकांनी घाबरवलं की मनपाचं लायसन्स नसेल तर गाडी येऊन कुत्रं उचलून नेते. आणि तुम्ही विचारताय की मांजरालाही लायसन्स लागतं का, आणि उद्या हा कुणाला चावला तर तुमच्यावर केस होईल का.

मी बावीस वर्षं नाशिकमध्ये प्राण्यांची प्रॅक्टिस करतोय. या बावीस वर्षांत कुत्र्याच्या आजारापेक्षा कुत्र्याच्या भांडणांसाठी जास्त सर्टिफिकेटं लिहून दिलीत असं कधी कधी वाटतं. त्यामुळे सविस्तरच लिहितो.

पहिली गोष्ट, हे सगळे नियम एका ठिकाणाहून येत नाहीत. मनपाचं काम लायसन्स, लसीकरण, भटकी कुत्री एवढं. सोसायटीचं काम जिना, लिफ्ट, पार्किंग, स्वच्छता. आणि क्रूरता, सोडून देणं, चावणं हे केंद्राच्या कायद्यांत आहे. लोक ह्या तिन्हीची खिचडी करतात, चेअरमन मनपाच्या नावाने दम देतो, आणि कुत्रेवाला सुप्रीम कोर्टाच्या नावाने उलट दम देतो, दोघांनीही कागद वाचलेला नसतो.

आता लायसन्स. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम 1949 चा, त्याच्या कलम 127 मध्ये महापालिकेला कोणकोणते कर लावता येतात ती यादी आहे आणि त्यात चक्क 'कुत्र्यांवरचा कर' असं लिहिलंय, थिएटर टॅक्सच्या शेजारी. म्हणजे कुत्र्याची नोंद ठेवणं ही काही आत्ता कुणाच्या डोक्यात आलेली कल्पना नाही. नाशिक मनपा हद्दीत कुत्रा पाळायचा तर परवाना काढावा लागतो, ते काम मनपाच्या पशुसंवर्धन विभागाचं. मनपाचं मुख्यालय शरणपूर रोडला राजीव गांधी भवन, आणि विभाग सहा आहेत, पूर्व, पश्चिम, पंचवटी, सिडको म्हणजे नवीन नाशिक, सातपूर आणि नाशिकरोड. तुम्ही तुमच्या विभागीय कार्यालयात आधी विचारा, फॉर्म आणि फी तिथेच कळेल, व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणारी जुनी फी बघून जाऊ नका. सोबत आधार, पत्त्याचा पुरावा, कुत्र्याचे दोन फोटो आणि रेबीजच्या लसीचं सर्टिफिकेट, हे घेऊन गेलात की सहसा दुसरा हेलपाटा पडत नाही. पैसे भरल्याची पावती मात्र त्याच वेळी मागून घ्या आणि फाईलला लावा. नूतनीकरण विसरू नका, लसीची तारीख आणि लायसन्सची तारीख मोबाईलमध्ये एकत्रच टाकून ठेवा.

यात खरी अडकणारी गोष्ट लस आहे. तुम्ही लिहिलंय की 'सगळे इंजेक्शन झालेत'. हे वाक्य मी रोज ऐकतो. बहुतेक वेळा झालेलं असतं ते सेव्हन-इन-वन किंवा नाइन-इन-वन, म्हणजे पार्व्हो, डिस्टेंपर, लेप्टो वगैरे कुत्र्यांच्या आजारांचं, आणि रेबीजचं राहिलेलं असतं. ते वेगळं इंजेक्शन आहे. तीन महिन्यांचं पिल्लू झालं की पहिलं, त्यानंतर साधारण महिन्याभराने बूस्टर, मग दरवर्षी. तुमचा पाच महिन्यांचा आहे तर लसीचं पुस्तक उघडून बघा, रेबीजच्या ओळीत बाटलीवरचं स्टिकर चिकटवलंय का, बॅच नंबर आणि तारीख दिसते का, डॉक्टरांची सही आणि रजिस्ट्रेशन नंबर आहे का. स्टिकर नसेल आणि नुसतं पेनने 'एआरव्ही दिले' (म्हणजे रेबीजची लस दिली) लिहिलेलं असेल तर चावण्याच्या केसमध्ये समोरचा वकील पहिलं बोट तिथेच ठेवतो. माझ्याकडे एकदा एक गृहस्थ असंच पुस्तक घेऊन आले, पेट शॉपवाल्याने स्वतःच इंजेक्शन टोचून स्वतःच सही केलेली. असल्या सहीला काही अर्थ नाही, पुन्हा लस दिली, पुन्हा पुस्तक केलं. खर्च परवडत नसेल तर अशोक स्तंभाजवळ सरकारी जनावरांचा दवाखाना आहे, तिथे जा, लाज वाटायचं काही कारण नाही.

गाडी उचलून नेते का, तर घरात असलेलं कुत्रं कुणी उचलून नेत नाही. गाडी भटक्या कुत्र्यांसाठी फिरते, निर्बीजीकरणासाठी. पण समजा तुमचा लॅब सकाळी गेट उघडं बघून पळाला, गळ्यात पट्टा नाही, बिल्ला नाही, आणि त्या दिवशी तिथे गाडी असली, तर पकडणाऱ्याला तो कुणाचा हे कसं कळणार? म्हणून पट्टा आणि त्यावर बिल्ला, मागच्या बाजूला तुमचा मोबाईल नंबर कोरून. दिवाळीत लक्ष्मीपूजनाच्या रात्री तर हमखास दोन-चार कुत्री फटाक्यांना घाबरून पळतात, आमचे फोन वाजत राहतात. इंदिरानगरचं एक बीगल अशा रात्री पळालं ते तिसऱ्या दिवशी सातपूर एमआयडीसीत एका कंपनीच्या वॉचमनकडे सापडलं, त्याने पट्ट्यावरचा नंबर बघून फोन केला होता म्हणून. त्याच आठवड्यात पळालेली दुसरी दोन कुत्री सापडलीच नाहीत, त्यांच्या गळ्यात काहीच नव्हतं. मायक्रोचिप, म्हणजे कातडीखाली बसवायची नंबरची बारीक चिप, करून घेतली तर उत्तमच, पण चिप वाचायला मशीन लागतं, नंबर वाचायला वॉचमन पुरतो.

एक फाटा इथे सांगून ठेवतो कारण दर महिन्याला कुणीतरी चुकीच्या ऑफिसात जातं. देवळाली कॅम्पात राहणाऱ्यांचा मनपाशी संबंध नाही, तिथे कॅन्टोन्मेंट बोर्ड आहे आणि कुत्र्यांच्या नोंदणीची तरतूद कॅन्टोन्मेंट कायद्यात वेगळी आहे. भगूरला नगरपालिका. गिरणारे बाजूला फार्महाऊस असेल तर ग्रामपंचायत. घरपट्टी जिथे भरता तिथे विचारायचं, एवढं सोपं आहे.

मांजरांचं. कायद्यातला तो कर नावानिशी कुत्र्यांवर आहे, मांजर त्यात नाही, म्हणून वर्षानुवर्षं मांजरवाले निवांत होते. पण पुणे महापालिकेने 2022 मध्ये मांजरांचीही नोंदणी सुरू केली, तेव्हापासून बाकी शहरांतही हा विषय निघतोच. तुम्ही कुत्र्याचं लायसन्स काढायला जाल तेव्हा त्याच टेबलावर मांजरांबद्दल विचारून या, दोन मिनिटांचं काम आहे. लायसन्सचं काहीही असो, मांजरांना रेबीजची लस द्यायचीच. लोकांना वाटतं रेबीज म्हणजे कुत्रं. तसं नाही, मांजर चावलं तरी माणसाला तीच इंजेक्शनं घ्यावी लागतात, आणि मांजर चावतं कमी पण ओरबाडतं जास्त. दुसरं म्हणजे तुमच्याकडे बोका आणि मादी एकाच घरात आहेत. पाच-सहा महिन्यांच्या पुढे गेले असतील तर ऑपरेशनची तारीख आजच घ्या, कारण मांजर वर्षात दोन-तीनदा सहज विते, आणि मग ती पिल्लं खोक्यात घालून दवाखान्याच्या पायरीवर ठेवणारी मंडळी मला दर उन्हाळ्यात भेटतात, म्हणजे भेटत नाहीत, खोकं भेटतं. बोक्याचं ऑपरेशन केलं की भिंतीवर मुतणं आणि रात्री ओरडणं पण बरंच कमी होतं, आणि शेजाऱ्यांची निम्मी तक्रार तीच असते.

आता सोसायटी, जिथे तुमचं खरं दुखणं आहे. ठराव बहुमताने झाला म्हणून पाळीव प्राण्यावर सरसकट बंदी घालता येत नाही. भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाने 2015 च्या फेब्रुवारीत परिपत्रक काढलं, त्यात हे स्पष्ट लिहिलंय की सोसायटी किंवा रहिवासी संघ बहुमत असलं तरी पाळीव कुत्र्यांवर बंदी घालू शकत नाही, कुत्रा लहान आहे की मोठा, भुंकतो की नाही हे बघून घराबाहेर काढा म्हणू शकत नाही, लिफ्ट बंद करू शकत नाही आणि त्यासाठी वेगळे पैसेही लावू शकत नाही. लिफ्ट दोन असतील आणि दोन्ही नीट चालत असतील तर एक ठरवून देऊ शकतात, बागेत यायची वेळ ठरवू शकतात, एवढंच. केरळ हायकोर्टानेही 2021 मध्ये अशा बंदीच्या नियमांना बेकायदेशीर म्हटलंय. म्हणजे तुमचे पाचशे रुपये आणि लिफ्टबंदी दोन्ही टिकणारं नाही.

पण, आणि हा पण मोठा आहे, त्याच परिपत्रकात मालकांनाही सांगितलंय की बाहेर नेताना पट्टा-साखळी लावा, घाण उचला, शेजाऱ्याला त्रास होऊ देऊ नका. लोक पहिलं पान व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकतात आणि दुसरं पान स्वतः वाचत नाहीत.

तुमची बिल्डिंग नोंदणीकृत गृहनिर्माण सोसायटी आहे की अपार्टमेंट आहे ते आधी बघा. नाशिकमध्ये भरपूर बिल्डिंगा 1970 च्या अपार्टमेंट कायद्याखाली डिक्लरेशन करून झालेल्या आहेत, आणि लोक सवयीने त्याला सोसायटी म्हणतात, चेअरमनही स्वतःला चेअरमनच म्हणवतो. सोसायटी असेल तर उपविधी, म्हणजे सोसायटीची छापील नियमावली, मागा आणि तक्रार सहकार खात्याच्या उपनिबंधकांकडे जाते. अपार्टमेंट असेल तर डीड ऑफ डिक्लरेशन, म्हणजे बिल्डिंगचा नोंदवलेला मूळ दस्त, आणि त्यातले नियम वाचा. दोन्ही ठिकाणी पहिली पायरी एकच, चेअरमन-सेक्रेटरींना साधं पत्र. वकिलाची नोटीस नको, मी हात जोडून सांगतो, पहिल्याच दिवशी नोटीस पाठवली की पुढची दहा वर्षं त्या जिन्यात कुणी तुमच्याशी बोलत नाही. पत्रात लिहा की आमच्याकडे एक कुत्रा दोन मांजरं आहेत, लसीकरणाची प्रत सोबत जोडली आहे, लायसन्ससाठी अर्ज केलाय त्याची पावती जोडली आहे, लिफ्टमध्ये नेताना साखळी आखूड धरू आणि आत आधीच कुणी असेल तर पुढच्या फेरीला येऊ, आणि ठरावाची लेखी प्रत मिळावी. ही शेवटची ओळ महत्त्वाची. निम्म्या वेळा ठराव लिहिलेलाच नसतो, गणपतीच्या वर्गणीच्या मीटिंगमध्ये कुणीतरी जोरात बोललेलं असतं, तेवढंच.

हे मी तुम्हाला पुस्तकातून सांगत नाहीये, माझ्या स्वतःच्या बिल्डिंगमध्ये झालंय. मी डॉक्टर, माझ्याच घरात दोन कुत्री, आणि खालच्या मजल्यावरच्या आजींनी कमिटीत तक्रार केली. मला आधी राग आला, म्हटलं मला नियम शिकवतात. मग एक दिवस दुपारी लवकर घरी आलो तर जिन्यातच ऐकू आलं, आम्ही घरी नसताना दोघंही चार-चार तास सलग भुंकत होती, आणि आजींची झोपायची वेळ तीच. तक्रार शंभर टक्के खरी होती. दुपारी त्यांना आतल्या खोलीत ठेवायला लागलो, सकाळचं फिरवणं वीस मिनिटांवरून पाऊण तासावर नेलं, दमली की झोपतात. आजी आता संक्रांतीला कुत्र्यांसाठी वेगळी बिनगुळाची पोळी पाठवतात, मी ती घेतो आणि स्वतःच खातो.

लॅबबद्दल म्हणूनच सांगतो, सकाळ-संध्याकाळ मिळून दीड तास पळवलाच पाहिजे, तो गॅलरीत बांधून ठेवायचा प्राणी नाही. आणि बांधून ठेवणं हा नुसता वाईटपणा नाही, 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यात कलम 11 मध्ये आखूड किंवा जड साखळीने तासन्‌तास बांधून ठेवणं, बांधलेल्या कुत्र्याला फिरवायला न नेणं, उपाशी ठेवणं, सोडून देणं हे सगळं गुन्हा म्हणून लिहिलंय. पहिल्या गुन्ह्याला दंड किती माहितीय? दहा ते पन्नास रुपये. 1960 सालचे. लोक हसतात, पण गुन्हा तो गुन्हाच.

शी उचलायचा विषय. नाशिकमध्ये सोसायटीतली दहातली आठ भांडणं कायद्यावरून नाही, शी वरून होतात, ह्यात मला अजिबात शंका नाही. जुन्या वर्तमानपत्राचा तुकडा किंवा पिशवी खिशात ठेवा आणि उचला, जॉगिंग ट्रॅकवर तर नक्कीच उचला. गोल्फ क्लबच्या मैदानावर सकाळी बघा, महागडी कुत्री, महागडे बूट, आणि मागे सोडलेली घाण. असल्या लोकांमुळे बाकीच्यांना बागेत बंदी होते.

भाड्याने राहणाऱ्यांसाठी एक ओळ, तुमचं घर स्वतःचं आहे पण बाकीचे वाचतात म्हणून. घरमालक आणि तुमच्यातल्या करारात 'पाळीव प्राणी नको' लिहिलेलं असेल आणि तुम्ही सही केली असेल तर तिथे सोसायटीवाला मुद्दा चालत नाही, तो करार आहे. सही करण्याआधी वाचा.

आता चावला तर. इथे जरा थांबून वाचा कारण इथे लोक घाबरून चुकीच्या गोष्टी करतात. पहिलं काम कायद्याचं नाही, जखमेचं. वाहत्या पाण्याखाली साबण लावून पंधरा मिनिटं धुवायचं, घड्याळ लावून. हळद नाही, चुना नाही, मिरचीपूड तर अजिबात नाही, आणि पट्टी गच्च बांधायची नाही. मग त्या माणसाला स्वतः गाडीवर बसवून दवाखान्यात न्या, सिव्हिल आहे, नाशिकरोडला बिटको आहे, कथडा बाजूला झाकिर हुसेन आहे, सरकारी ठिकाणी रेबीजची लस मिळते. रक्त आलं असेल तर नुसती लस पुरत नाही, जखमेतच इम्युनोग्लोब्युलिन, म्हणजे रेबीजविरोधी तयार अँटीबॉडीचं इंजेक्शन, द्यावं लागतं, ते डॉक्टर ठरवतील पण तुम्ही विचारा. आणि 'कुत्र्याला लस दिलीय, काही होत नाही' असं सांगून समोरच्याला इंजेक्शन घेण्यापासून थांबवू नका. रेबीज एकदा लक्षणं दिसली की माणूस वाचत नाही जवळजवळ, त्यात डाव खेळायचा नसतो. पूर्ण कोर्स सगळा करायचा.

मग कुत्र्याचं काय? दहा दिवस त्याच्यावर लक्ष. घरातच ठेवायचा, बाहेर सोडायचा नाही, दुसऱ्याला द्यायचा नाही, आणि घाबरून गावी तर मुळीच पाठवायचा नाही. दहा दिवस तो खातोय-पितोय, धडधाकट आहे, म्हणजे चावला तेव्हा त्याच्या लाळेत रेबीज नव्हता, हा त्या दहा दिवसांचा अर्थ. मांजरालाही हेच लागू. तुमच्या डॉक्टरकडून पहिल्या आणि दहाव्या दिवशी तपासून लिहून घ्या. गोविंदनगरच्या एका क्लायंटचं जर्मन शेफर्ड कुरिअरच्या पोराला मांडीला चावलं होतं. त्यांनी कुत्रा त्याच रात्री भावाकडे मालेगावला पाठवला, डोक्यात एवढंच की आता पोलीस येतील. त्यामुळे झालं काय की मुलगा आणि त्याचे घरचे सगळे हादरले, कुत्रं लपवलं म्हणजे पिसाळलेलंच असणार. मी फोन करून कुत्रा परत आणायला लावला, दहा दिवस रोज त्या मुलाला कुत्र्याचा व्हिडिओ जायचा, दवाखान्याचा खर्च, बुडालेला रोज मालकांनी दिला, आणि मिटलं. लसीचं पुस्तक चोख होतं म्हणून मिटलं हेही खरं.

केस होऊ शकते का, हो, होऊ शकते. भारतीय न्याय संहितेचं कलम 291, आपल्या ताब्यातल्या जनावराबाबत हलगर्जीपणा केला तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. जुन्या आयपीसीत हेच 289 होतं आणि दंड हजार रुपये होता, 1 जुलै 2024 पासून नवीन लागू झालं. शब्द बघा, हलगर्जीपणा. साखळीत होता का, गेटवर पाटी होती का, आधी कुणाला चावला होता का, लस होती का, ह्यावर सगळं ठरतं. म्हणून लस आणि लायसन्सच्या कागदांची ती फाईल. आणि ह्याच संहितेत कलम 325 दुसऱ्या बाजूचं आहे, जनावराला मारून टाकणं, विष घालणं, लंगडं करणं, त्याला पाच वर्षांपर्यंत शिक्षा आहे. कुणी बिस्किटातून विष घालण्याची धमकी दिली तर हे कलम त्याला शांतपणे ऐकवा.

मुसकं घालायचं का, हा प्रश्न तुम्ही विचारला नाही पण विचाराल. पाच महिन्यांच्या लॅबला रोज नको, पण घालून घ्यायची सवय आत्ताच लावा, जाळीचं घ्या ज्यात त्याला तोंड उघडून धापा टाकता येतात, कापडी आवळलेलं नको, उन्हाळ्यात त्याने कुत्रं गुदमरतं. दवाखान्यात, गर्दीत, लिफ्टमध्ये घाबरणारं कुणी असेल तर पाच मिनिटं घातलं, काय बिघडतं.

जात कोणती यावरूनही लोक घाबरवतात. केंद्राने 12 मार्च 2024 ला पिटबुल, रॉटवायलर वगैरे 23 जातींना लायसन्स देऊ नका असं पत्र राज्यांना काढलं होतं, ते कर्नाटक हायकोर्टाने एप्रिलमध्ये रद्द केलं. लॅब त्या यादीत नव्हताच, तुम्ही निश्चिंत राहा. माझं वैयक्तिक मत, पहिल्यांदा कुत्रा पाळणाऱ्याने फ्लॅटमध्ये रॉटवायलर आणू नये, त्याला कायदा कशाला लागतो. आणि पुढे कधी दुसरं पिल्लू घ्याल तर आठ आठवड्यांच्या आतलं विकणं 2017 च्या ब्रीडिंग नियमांत बसत नाही, तीस दिवसांचं पिल्लू हातात देणाऱ्याकडून घेऊ नका, आईपासून लवकर तोडलेली पिल्लं पुढे चावरी होण्याची शक्यता जास्त.

तुम्ही लिहिलंय की खाली पार्किंगमध्ये दोन भटकी आहेत आणि तुमचा मुलगा त्यांना पोळी घालतो. भूतदया चांगली आहे पण पद्धत बदला. 2023 च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांत खाऊ घालायची जागा ठरवून द्यायची जबाबदारी सोसायटीवर टाकलीय, ती जागा मुलांच्या खेळायच्या जागेपासून, जिन्यापासून, येण्याजाण्याच्या दारापासून लांब हवी. सुप्रीम कोर्टानेही 22 ऑगस्ट 2025 ला रस्त्यावर कुठेही खाऊ घालू नका, ठरलेल्या जागीच घाला असं सांगितलं. तेव्हा पार्किंगच्या तोंडाशी नको, मागच्या कंपाउंडच्या कोपऱ्यात, ठरलेल्या वेळी, आणि उरलेलं उचलायचं. त्या दोघांच्या कानाला कापल्याची खूण आहे का बघा, असेल तर त्यांचं निर्बीजीकरण झालंय. नसेल तर मनपाला कळवा, नेतील, ऑपरेशन आणि लस करून त्याच जागी परत सोडतील, कायमची नेतील अशी अपेक्षा तुमच्या चेअरमनने ठेवू नये, नियमच तसा आहे. शाळा, हॉस्पिटल, बसस्टँड ह्यांच्या आवारातल्या कुत्र्यांबद्दल 7 नोव्हेंबर 2025 चा वेगळा आदेश आहे, तिथून हलवलेली परत तिथे सोडायची नाहीत, पण ते तुमच्या बिल्डिंगला लागू नाही.

तुम्ही सहज लिहून गेलात की सासूबाईंचा पोपट पण आहे. ताई, कुत्र्या-मांजरापेक्षा तोच खरा अडचणीचा आहे. हिरवा लाल चोचीचा आपला पोपट वन्यजीव संरक्षण कायद्याखाली येतो, 1972 चा कायदा, पिंजऱ्यात ठेवणं बेकायदेशीर आहे, त्याला कुठलंही लायसन्स मिळत नाही. तारा कासवाचं पण तेच. वनविभागाला फोन करून रीतसर द्या, पिंजरा उघडून भुर्रकन सोडू नका, घरात वाढलेला पोपट बाहेर दोन दिवस टिकत नाही, कावळे मारतात.

आणि पाथर्डी फाटा म्हणजे मळे लागूनच, तिकडे, वडनेर बाजूला, मखमलाबादकडे, उसाच्या आणि नदीच्या कडेने बिबट्या येतो, हे नाशिककराला सांगायला नको. त्याला सगळ्यात सोपं भक्ष्य म्हणजे बांधलेलं कुत्रं. तुम्ही वरच्या मजल्यावर आहात, पण गावाकडे मळ्यात नेलात तर रात्री ओट्याला बांधायचा नाही, आत घ्यायचा. बांधलेल्या कुत्र्याला पळताही येत नाही, सकाळी नुसता पट्टा उरतो, असे दोन पट्टे मी पाहिलेत.

शेवटी काय आधी करायचं. उद्या रेबीजचं पान तपासा, परवा लायसन्सची चौकशी, मग चेअरमनला पत्र, ह्याच क्रमाने, कारण पत्राला जोडायला काहीतरी हातात हवं. पण त्याच्याही आधी तुमच्या गॅलरीला जाळी लावा. फोटोत तुमची मनी चौथ्या मजल्याच्या कठड्यावर बसून कबुतराकडे बघतेय, आणि गेल्या महिन्यात गंगापूर रोडची अशीच एक मांजर माझ्याकडे आली, जबडा दोन ठिकाणी मोडलेला.